नावापुढची हिरवी खूण

प्रिय अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा नगर आणि जामखेडमध्ये अंतर ते किती होतं? भेटावंसं वाटलं की मी एसटी धरायचो आणि भांडावंसं वाटलं की तुम्ही फोन करायचा. आता दोन्ही बंद, म्हणून हा कागद. हसू नका! गेलेल्या बापाला पत्र लिहितोय म्हणजे पोरगा पुरता कामातून गेला, असंच म्हणाल तुम्ही. पण तुम्ही कुठेतरी आहात, असं मी मानतो. मग जो आहे त्याला पत्र लिहिण्यात येडेपणा कसला?

आजच का लिहितोय, ते आधी सांगतो. गेल्या मंगळवारी तुम्हाला जाऊन वर्ष झालं. त्या दिवशी नागापूरला कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईल उघडला. आम्हा मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचं ते ॲप तुम्हाला आठवत असेल, ज्यात प्रत्येकाने आपापली वंशावळ भरायची असते. त्यात तुमच्या नावापुढे वर्षभर राखाडी खूण होती. ती हिरवी झाली होती.

हिरवी खूण म्हणजे काय, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? माणूस जाऊन वर्ष उलटलं की त्याच्या मुलाला मुभा मिळते. मुलाने नाव पाठवायचं. मग लांबच्या कुठल्या तरी देशात, आमच्या मंदिरात, कुणी एक जिवंत माणूस तुमच्या नावाने पाण्यात उतरणार, एकदा पूर्ण बुडून वर येणार, आणि तुमचा बाप्तिस्मा झाला असं आम्ही धरणार. त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही, असं आमच्यात मानतात. माझ्याकडून फक्त एक बोट लावायचं काम आहे. अण्णा, सहा दिवस झाले, ते बोट हलत नाहीये.

कारण हेच काम मी एकदा आजोबांच्या बाबतीत करून बसलोय.

पण थांबा, पहिल्यापासून बोलतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, वायरमनचा पोरगा आणि तार मधूनच सोलायला घेतो.

कंपनीने मला नवं मशीन शिकायला बंगलोरला धाडलं, त्याच्या आदल्या वर्षी आमची पहिली मुलगी सहा दिवसांची होऊन गेली होती. बंगलोरला शेजारच्या मशीनवरचा एक जण मला त्यांच्या प्रार्थनेला घेऊन गेला. तिथे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की घरातली माणसं मेल्यावरही एकमेकांची राहतात, आणि ती पोर मला परत मिळणार आहे. ते म्हणाले, आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः प्रार्थना करून विचारा. मी विचारलं. मला उत्तर मिळालं. कसं मिळालं ते मला आजही धड सांगता येत नाही. छातीत काहीतरी निवलं, एवढंच.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून पेपर वाचत होता. शेजारी तुमचे जिवलग भोसले गुरुजी. तुम्ही जन्माचे बौद्ध, ते जन्माचे मराठा, आणि देव न मानण्यात दोघे सख्खे भाऊ! गावात आलेला बुवा हातातून राख कशी काढतो, ते चारचौघांत दाखवून त्याला एसटीत बसवून देणारी ही जोडी. आणि तुमच्याच घरात मी सांगत होतो की मी बाप्तिस्मा घेतलाय.

तुम्ही ओरडला नाहीत. खिशातला टेस्टर काढलात. रिटायर झाल्यावरही तो खिशात असायचाच.

"मी पस्तीस वर्सं वायरमन हुतो," तुम्ही म्हणालात. "लाइन बंद हाय म्हनून कुनी सांगितलं आन् मानसं तारेला हात लावून गेली, आसं माज्या डोळ्यादेखत दोनदा झालंय. टेस्टर लावल्याबिगर मी कशालाच हात लावत न्हाई. तू लावला व्हता का?"

मी म्हणालो, "लावला अण्णा. मी स्वतः विचारून बघितलं. दिवा लागला."

"टेस्टरचा दिवा शेजारच्यालाबी दिसतो, राजा. तुजा तुलाच दिसतोय."

गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र राग आला होता. आज कबूल करतो, त्यापेक्षा चांगला प्रश्न मला कुणीच विचारलेला नाही, आणि त्याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. फक्त एक सांगू? त्या सहा दिवसांच्या पोरीबद्दल तुम्ही माझ्याशी कधी वाद घातला नाहीत. बाकी सगळ्यावर घातलात. तेवढं सोडून दिलंत. माझ्या लक्षात आलं होतं ते.

मग आपला धाकटा प्रवीण माझ्या मागोमाग या पंथात आला. दादा करतो ते त्याला लहानपणापासून करायचं असतंच. दोन वर्षं तो माझ्याबरोबर सावेडीतल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये यायचा. आम्ही मोजून अकरा माणसं. मग त्याने इंटरनेटवर आमच्या धर्माच्या संस्थापकाबद्दल काय काय वाचलं, प्रश्न विचारायला लागला, आणि एक दिवस यायचा थांबला. मी त्याला काय म्हणालो असेन? "तुझी श्रद्धाच कच्ची." वर दर रविवारी मेसेज, परत ये, परत ये. शेवटी त्याने माझा नंबर ब्लॉक केला. भावाने भावाचा नंबर ब्लॉक केला, अण्णा! आणि मी तेव्हा स्वतःला मोठा सोशिक समजत होतो.

तुम्हाला वाटलं असेल, एक तरी शहाणा झाला. पण तो ओट्यावर बसून माझी टर उडवायला लागला तेव्हा तुम्ही त्यालाच झापलंत, असं आई सांगते. "सोडलं तर सोड. पन ज्या ताटात जेवलास त्याला लाथ मारू नगंस." मला हे तुम्ही गेल्यावर कळलं. जिवंतपणी का नाही हो सांगितलंत?

आता आजोबांचं.

मी वंशावळ भरत होतो. आजोबांच्या नावापुढे हिरवी खूण होती. मला वाटलं, केवढं मोठं काम करतोय मी! नाव पाठवलं. दोन महिन्यांनी निरोप आला, झालं. मी आनंदाच्या भरात पेढे घेऊन जामखेडला आलो आणि तुमच्या हातावर पेढा ठेवून सांगितलं.

तुमचा हात तसाच राहिला.

"तुजा आजा खर्ड्याकडचा," तुम्ही म्हणालात, आणि आवाज इतका हळू होता की मला पुढे वाकावं लागलं. "गावानं त्याला आडाच्या पान्याला हात लावू दिला न्हाई. छप्पन सालानंतर त्यानं सवताच्या मर्जीनं दीक्षा घेतली. घरातलं देव सवता उचलून न्हेऊन सोडलं. गावानं काम बंद केलं तरी मागं फिरला न्हाई. उभ्या जन्मात त्यानं एकच गोष्ट सवता निवडली हुती. आन् तू त्याला न इचारता पान्यात बुडवला व्हय रं?"

मी समजवायला गेलो. "अण्णा, ती जबरदस्ती नसते. तिकडे आजोबांना 'नको' म्हणता येतं. हे नुसतं विचारणं आहे."

"मंग आदी इचारायचं आस्तंय."

पेढा तुम्ही परत डब्यात ठेवलात. त्यानंतर आठ महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी फोन केला की आईला द्यायचा. मीही हट्टाला पेटलो होतो. मला वाटायचं, मी चांगलंच केलंय, यांना कळत नाही. आठ महिने! आज मोजतो तेव्हा जीव तुटतो. तुमच्याजवळ राहिलेल्या दिवसांतले ते आठ महिने होते, हे मला कुठे माहीत होतं?

समेट कसा झाला, आठवतं? कुणीच कुणाची माफी मागितली नाही. मी दिवाळीला आलो. आमच्या पंथात चहा वर्ज्य, यावरून घरात दर वेळी रामायण व्हायचं. आलेला माणूस चहाला नाही म्हणतो म्हणजे काय, आईला तो अपमानच वाटायचा. त्या दिवशी तुम्ही कपबशी माझ्यापुढे सरकवलीत. आत गवती चहाची पात उकळून गूळ घातलेलं पाणी. चहा पावडरचा कणही नाही. मागे नळाजवळ पाहिलं तर गवती चहाचा केवढा ठोंब! मला म्हणालात, "डास येत न्हाईत त्यानं, म्हनून लावलाय." डास म्हणे! तो ठोंब काही आठवड्याभरात एवढा झाला नव्हता. न बोलण्याच्या दिवसांत त्याला रोज पाणी कोण घालत होतं?

आणि मग तुम्ही आमच्या हॉलवर आलात. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि मग ज्याला वाटेल त्याने उठून आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची, अशी रीत आहे. तुम्ही नगरला डोळे तपासायला आला होता, म्हणालात, चल, बघू तरी. उपाशी राहणार नाही, हे आधीच बजावलंत आणि स्टँडवर भेळ खाऊन आलात. शेवटच्या खुर्चीवर बसलात. तीन-चार जण बोलले. मग तुम्ही उभे राहिलात.

"मी जामखेडचा वायरमन. ह्याचा बाप. तुमी सांगता त्यातलं मी काईबी मानत न्हाई. पन सगळी साक्ष देत्यात म्हनून मीबी देतो. माजा पोरगा खोटं बोलत न्हाई. त्याला दिवा लागलेला दिसला म्हनतो, तर त्याला दिसला आसंल. मला न्हाई दिसला. बास." आणि बसता बसता म्हणालात, "आन् तुमच्या हालला अर्थिंग न्हाई. मानूस मरंल एकांदं."

पुढच्या महिन्यात येऊन तुम्ही ते अर्थिंग करून दिलंत. हॉलमधले लोक अजून तुमचं नाव काढतात. त्यातल्याच एका काकूंनी परवा मला विचारलं, "वर्ष झालं ना? मग नाव पाठवलंस का? खरं प्रेम असेल तर उशीर कशाला?" मी मान हलवली आणि विषय बदलला.

काल रविवारी जामखेडला तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दारात मांडव, तुमचा तो चष्म्यातला फोटो. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, मीही सगळ्यांबरोबर म्हटलं. काल महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणून माझ्या पोटात काही नव्हतं. आई चिडली, "बापाच्या कार्याला पोरगा उपाशी!" मी म्हणालो, संध्याकाळी दुप्पट जेवतो. मग लोक एकेक करून तुमच्या आठवणी सांगायला लागले. गुरुजींनी बुवाच्या राखेचा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसत होते, आणि प्रवीण उभा राहिला.

"दादा, सगळ्यांम्होरं इचारतो. वर्स झालंय. आज्याचं केलं तसं आण्णांचंबी नाव पाठवनार हायस का?"

आईने पदर तोंडाला लावला. बऱ्याच जणांना तो काय म्हणतोय ते कळलंच नाही, पण तो रडवेला झालाय हे सगळ्यांना दिसत होतं.

अण्णा, मी आजवर साक्ष दिली ती मान डोलावणाऱ्यांपुढे. काल समोर कोण होते? देव न मानणारे गुरुजी, मानून सोडलेला भाऊ, आणि आजोबांची गोष्ट पाठ असलेलं सगळं गणगोत. मी उठलो.

मी म्हणालो, "मी मॉर्मन आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावरून माझ्या मागे हसता, तेही मला माहीत आहे. मला वाटतं, अण्णा आहेत. माझी सहा दिवसांची पोर आहे. ती दोघं मला भेटणार आहेत. याला पुरावा माझ्याकडे नाही. अण्णांनी मागितला होता, त्यांनाही देऊ शकलो नाही. पण मी खोटं बोलत नाही, एवढं त्यांनी मान्य केलं होतं. तुम्हीही तेवढंच करा. आजोबांचं नाव मी न विचारता पाठवलं. ते चुकलं. अण्णांच्या नावापुढे मंगळवारी खूण आलीय. मी अजून हात लावलेला नाही. लावावा की नाही, मला कळत नाही."

बसलो. मग गुरुजींनी घसा साफ केला.

"राजू, माजा ह्याच्यावर काडीचा इश्वास न्हाई. मानूस गेला की गेला. पन तुला भेटलाच, तर त्याला इचार, माजी शिडी कुटं ठिवलीय. वर्सभर हुडकतोय मी."

मांडव हसायला लागला आणि गुरुजी चष्मा काढून पुसत राहिले. बराच वेळ पुसत होते.

पंगत उठल्यावर मी मागे नळाजवळ गेलो. प्रवीण गवती चहाची पात कापत होता. म्हणाला, "उपास सुटला का तुजा?" मी म्हणालो, सुटेल आता. त्याने तिथेच चुलीवर पाणी ठेवलं. इतक्या दिवसांनी आम्ही दोघे शेजारी बसलो होतो.

"खरंच वाटतंय तुला, भेटत्याल म्हनून?"

"वाटतं."

"मला न्हाई वाटत."

"माहीत आहे."

तो पात तशीच बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "पन दादा, तुज्या मान्यतेनं बगितलं तर... तू नाव न्हाई पाठवलं, तर आण्णा दाराभाईर आडकून बसनार. व्हय ना? मंग तुला लई जड जात आसंल."

अण्णा, मला तिथे रडू फुटलं. मांडवात शे-सव्वाशे माणसं होती. त्यांच्यासाठी नाव न पाठवणं म्हणजे नुसता शहाणपणा होता. ते न पाठवणं मला किती महाग पडतंय, हे एकट्या प्रवीणला कळलं. कारण तो आत राहून आलाय. त्याची श्रद्धा कच्ची म्हणून मी ज्याला हिणवलं, त्यालाच माझी श्रद्धा नीट समजली होती.

मी त्याची माफी मागितली. मेसेजची, कच्च्या श्रद्धेची, सगळ्याचीच. तो म्हणाला, "च्या पी, गार व्हतोय." त्याने त्याला चहाच म्हटलं. मी पण चहाच प्यायलो.

एसटीत नगरकडे येताना मी विचार करत होतो. आमच्यात मानतात की गेलेल्यांसाठीचं हे काम पुढे हजार वर्षं चालणार आहे. अण्णा, हजार वर्षं! मग घाई कुणाला आहे? देवाला तर नाही. घाई मलाच होती. पेढे घेऊन येणाऱ्या पोराला. माझा देव जर खरोखर आहे, तर एका वायरमनला त्याच्या मर्जीविरुद्ध आत ओढायची त्याला गरज नाही, आणि त्याला दारात ताटकळत ठेवून मजा बघण्याइतका तो हलका नाही. एवढा धीर त्याच्याकडे असणारच. हे मला कुणी शिकवलेलं नाही. काल त्या एसटीत छातीत पुन्हा तसंच काहीतरी निवलं. तुम्हाला दिवा दिसणार नाही, पण मला दिसला.

काकूंना हे पटणार नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी हॉलमध्ये उठून मी तिथेही सांगणार आहे. इथे मी मानतो म्हणून हसतात, तिथे थांबतो म्हणून रागावतील. चालायचंच! दोन्हीकडे खोटं बोललो नाही म्हणजे झालं.

तर अण्णा, तुम्हाला शब्द देतो. तुमच्या नावापुढची हिरवी खूण मी आहे तशी राहू देईन. माझ्या हयातीत तिला बोट लावणार नाही. प्रवीणला 'परत ये' असं पुन्हा कधी म्हणणार नाही, मीच त्याच्याकडे जात जाईन. आणि तुम्ही भेटलात की आधी गुरुजींच्या शिडीचं विचारीन. ते मिटलं की मग पाण्याचं विचारीन. तुम्ही टेस्टर काढाल, मी वाद घालीन, आजोबाही तिथेच असतील, तेही मला दोन शब्द सुनावतील, ते मी ऐकून घेईन. तुमची नात कुठे खेळत असेल तर तिलाही बोलवा. सगळ्यांत शेवटी तुम्ही 'न्हाई' म्हणालात तरी चालेल. फक्त ते तुमच्या तोंडून ऐकायचंय मला.

यावेळी आधी विचारणारा,
तुमचा राजू